न केलेली सही

आमच्या अप्पांना इटलीला नेऊ नये असं सांगणारी माणसं मी मोजली होती. निघायच्या आदल्या दिवशी आकडा सतरावर गेला. त्यात दोन डॉक्टर, एक आत्या, बसवनगुडीतल्या आमच्या गल्लीतले पाच शेजारी आणि माझा थोरला भाऊ. शेजाऱ्यांपैकी तिघांना इटली नकाशावर दाखवता आली नसती, पण अप्पांना तिथे नेऊ नये हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

अप्पा म्हणजे माझे वडील. वय एक्याऐंशी. चौतीस वर्षं बेंगळुरूच्या सिटी बसमध्ये कंडक्टर होते. आई गेल्यापासून ते माझ्याकडे राहतात. मुलगा असताना बापानं मुलीच्या घरी का राहावं, हा प्रश्न सुरुवातीला बऱ्याच जणांनी विचारला. मी उत्तर दिलं नाही. मग त्यांनी विचारणं सोडलं.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं की विसरण्याचा आजार सुरू झाला आहे आणि तो हळूहळू वाढणार. मागच्या डिसेंबरात अप्पा दूध आणायला गेले आणि चार तास वीस मिनिटं सापडले नाहीत. शेवटी शिवाजीनगरच्या बसस्टँडवर सापडले. एका उभ्या बसच्या दारात उभे राहून ते लोकांना आत सरकायला सांगत होते. "मुंदे होग्री, मुंदे होग्री!" आणि लोक मुकाट्यानं सरकत होते.

त्यांना शोधलं भावानं. त्याला मी अण्णा म्हणते. तो महादेवपुऱ्याला राहतो, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, आणि त्या दिवशी मीटिंग टाकून तीन स्टँड पायी पालथे घालून आला होता. हे मी आधीच सांगते, कारण पुढे त्याच्याविरुद्ध बरंच लिहायचं आहे.

आठ दिवसांनी तो एक फॉर्म घेऊन आला. शहराबाहेर वृद्धांसाठी एक निवास होतं. बाग, डॉक्टर, चोवीस तास पहारा. दोन्ही मुलांच्या सह्या लागत होत्या. त्याची झाली होती.

"मी सही करणार नाही," मी म्हटलं.

"मग पुढच्या वेळी तू शोध."

"शोधीन."

असं महिनाभर चाललं. तेवढ्यात माझ्या मुलीचा बोलोन्याहून फोन आला. दोन वर्षं ती तिथे शिकत होती. मार्चमध्ये पदवी मिळणार होती, घरच्यांना बोलावतात म्हणाली. नंतर गाडी भाड्यानं घेऊ, ती स्वतः चालवेल. तिथलं लायसन तिनं तिसऱ्या प्रयत्नात मिळवलं होतं. "पण अज्जाला आणाच," ती म्हणाली. "अज्जा नसेल तर तुम्हीही येऊ नका."

अण्णाला सांगितलं तेव्हा तो आधी हसला, मग चिडला. मग शांतपणे म्हणाला, "सरी, ठीक आहे. ने. पण एक ठरवू. दहा दिवसांत अप्पांनी मोठा गोंधळ घातला तर परत आल्यावर तू सही करायची. मुकाट्यानं."

"आणि नाही घातला तर?"

"तर मी फॉर्म फाडतो. आणि मीही येणार. एक तरी शहाणं माणूस बरोबर पाहिजे."

"कबूल," मी म्हटलं. माझा नवरा जवळच बसला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला आणि वहिनीला रजा नव्हती, म्हणून आम्ही चौघंच झालो: अप्पा, अण्णा, मी आणि तिथे माझी मुलगी.

पदवीचा दिवस चांगला गेला. पोरीच्या डोक्यावर हिरव्या पानांचा गोल मुकुट घातला. अप्पांनी त्यातलं एक पान तोडलं, चुरगाळलं, हुंगलं आणि मोठ्यांदा म्हणाले, "अगं, ही पुलावात घालतात की!" खरंच तमालपत्रासारखाच वास होता. अप्पांनी खिशात आणखी चार पानं भरली. अण्णानं फोन काढून काहीतरी लिहिलं.

"काय लिहितोस?"

"नोंद ठेवतो. नंतर वाद नको."

दुसऱ्या दिवशी गाडी घेतली. पाच माणसांची राखाडी गाडी. स्टिअरिंग डावीकडे. मुलगी चालवायला, मी तिच्या शेजारी उजवीकडे, मागे अप्पा आणि अण्णा. अप्पांनी दार लावलं, माणसं मोजली, दारावर आतून दोन थापा मारल्या आणि म्हणाले, "रैट."

चौतीस वर्षं बस त्यांच्या त्या शब्दावर हलत होती. मुलीनं गाडी सुरू केली. नंतरचे सगळे दिवस अप्पांनी मोजून रैट म्हटल्याशिवाय तिनं गिअर टाकला नाही. अण्णाला याचा जाच होई. "अय्यो, चारच माणसं आहेत. मोजायचं काय त्यात?"

"चार आहेत म्हणून मोजू नये?" अप्पा म्हणाले. "राहिलेला माणूस तुला पैसे देऊन परत मिळतो का?"

तिसऱ्या दिवशी हमरस्त्यावरच्या एका थांब्यावर अप्पांनी माणसं मोजली आणि थाप मारली नाही. "एक यायचंय," म्हणाले. आम्ही सगळे आत होतो. कोण यायचंय ते आम्हाला तिघांनाही कळलं. आई असताना प्रत्येक प्रवासात शेवटी तीच यायची, पाण्याची बाटली भरून. मुलीनं इंजिन बंद केलं. आम्ही सात मिनिटं बसलो. मग अप्पा खिडकीबाहेर बघता बघता स्वतःच म्हणाले, "रैट." अण्णानं लिहिलं. लिहिताना त्याचा चेहरा मला आरशात दिसत होता. तो खूश नव्हता, हे मी नोंदवते.

पण मग चौथा दिवस आला. सिएनाहून निघालो, अडतीस किलोमीटर गेलो, आणि अण्णा ओरडला, "थांब! पासपोर्टची पिशवी!" हॉटेलच्या पलंगावर राहिली होती. चौघांचे पासपोर्ट. अडतीस जाणं, अडतीस येणं. अण्णा सगळा वेळ हॉटेलवाल्यांना नावं ठेवत होता.

मी विचारलं, "हे लिहिलंस का?"

"काय?"

"पासपोर्टचं."

"ते वेगळं. मी विसरलो, मला आजार नाही."

तिथून मीही वही काढली. माझी नोकरी वजनमापं तपासण्याची आहे. सत्तावीस वर्षं मी दुकानांतले, मंडईतले, पेट्रोल पंपांवरचे काटे तपासते. माझी सवय अशी की जे मोजायचं ते सगळं मोजायचं. वहीत चार रकाने आखले. चौघांचे. विसरणं, हरवणं, रस्ता चुकणं, एकच गोष्ट दोनदा सांगणं. नियम सगळ्यांना एकच. आधीचे तीन दिवसही आठवून भरले.

सहाव्या दिवशी, रोममध्ये, अप्पांची संध्याकाळची गोळी द्यायची राहिली. गोळ्यांचा डबा माझ्या पर्समध्ये होता. ते माझ्या रकान्यात गेलं. त्याच दिवशी मुलगी एकदिशा रस्त्यावर उलटी शिरली. तिच्या रकान्यात. अण्णानं मला वीस वर्षांपूर्वीची बढतीची गोष्ट प्रवासात तिसऱ्यांदा सांगितली. त्याच्या रकान्यात. अप्पांनी हॉटेलच्या लिफ्टमधल्या एका जर्मन बाईला मागे सरकायला सांगितलं. कन्नडमध्ये. ती सरकली. हे कोणाच्या रकान्यात टाकायचं ते ठरेना, शेवटी अप्पांच्याच टाकलं.

आठव्या दिवशी आम्ही नेपल्सच्या खाली समुद्राकाठच्या डोंगरी रस्त्यावर होतो. डावीकडे कडा, उजवीकडे कमरेएवढी दगडी भिंत आणि खाली समुद्र. रस्ता आमच्या दोन ऑटो शेजारी उभ्या राहतील इतका, कुठे त्याहूनही कमी. सकाळची साडेदहाची वेळ. एका वळणावर समोरून बस आली आणि नाकाला नाक लावून उभी राहिली. बसमागे सहा गाड्या. आमच्यामागे कोणी नाही. म्हणजे मागे जायचं ते आम्हीच. चाळीस मीटर मागे रस्ता जरा रुंद होता.

मुलीनं रिव्हर्स टाकला. स्टिअरिंग तिनं दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं. "आई, मला मागचं काही दिसत नाही. वळण आहे."

"मी उतरतो," अण्णा म्हणाला आणि उजवीकडे, भिंतीच्या बाजूला उतरला. तेवढ्यात अप्पांनी स्वतःचा पट्टा सोडला आणि डावीकडून उतरले.

"अप्पा! आत बसा!"

अप्पांनी ऐकलं नाही. ते डाव्या बाजूनं गाडीच्या मागे गेले, उजवा हात वर केला आणि डाव्या हाताच्या तळव्यानं गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या. मुलीनं ब्रेक दाबला. पुन्हा दोन थापा. पुन्हा ब्रेक. कोणी गाडीवर थापा मारल्या की आपण ठोकणार असं आजच्या माणसाला वाटतं, तसं तिला वाटलं.

अप्पा तिच्या खिडकीशी आले. इतके चिडलेले मी त्यांना बऱ्याच वर्षांत पाहिले नव्हते. "दोन म्हणजे चल! एक म्हणजे थांब! बेंगळुरूत जन्मलीस ना? बसमध्ये कधी बसलीस की नाही?"

"बसले, अज्जा."

"मग? माझ्या हाताकडे बघू नको. कान दे. हात सोड. श्वास घे. हं."

दोन थापा. गाडी मागे सरकली. "बा, बा, बा, बा," अप्पा चालता चालता म्हणत होते. कन्नडमध्ये ये, ये. एक थाप. गाडी थांबली. "स्वल्प स्टिअरिंग तिकडे. सरी. बा, बा." एक्याऐंशी वर्षांचा माणूस उतारावर उलटं चालत होता आणि एकदाही अडखळला नाही. बसचा ड्रायव्हर खिडकीतून पूर्ण वाकून बघत होता. शेवटचे पाच मीटर राहिले तेव्हा मुलीचा चेहरा निवळला होता.

आणि तिथे उजव्या बाजूनं खर्रकन आवाज आला. काच फुटली.

आमच्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्याला डावी बाजू दिसत नाही. म्हणून कंडक्टर मागे डावीकडे उभा राहतो आणि डावी बाजू राखतो. अप्पा चौतीस वर्षं डावीकडे उभे राहिले होते. इथे ड्रायव्हर डावीकडे होती. राखायची होती ती उजवी बाजू. अप्पांनी कडा फार काळजीपूर्वक राखला आणि भिंतीला आरसा लागला.

बस पुढे निघाली. ड्रायव्हर अप्पांजवळ वेग कमी करून त्याच्या भाषेत काहीतरी बोलला आणि कपाळाला दोन बोटं लावली. अप्पांनी जा म्हणून हात हलवला, "होगी, होगी." मग सहा गाड्या गेल्या. अप्पा आरशाकडे आले, काचा बघितल्या आणि म्हणाले, "इकडे कोणी नव्हतं का?"

एक किलोमीटरवर गाडी लावायला जागा होती, लिंबं विकणाऱ्याची टपरी होती. अप्पा थांब्याच्या खांबावरचं बसचं वेळापत्रक वाचायला गेले. अण्णानं माझ्यासमोर फोन धरला.

"झालं. अप्पा चालू रस्त्यावर गाडीच्या मागे उतरले. जिवाशी खेळ होता. वर आरसा फोडला. याला मोठा गोंधळ नाही तर काय म्हणायचं? माझ्याकडे व्हिडिओ आहे."

"व्हिडिओ?" मुलीनं विचारलं. "मामा, तुम्ही मला रस्ता दाखवायला उतरला होतात ना?"

"उतरलो होतो. पण अप्पा उतरले म्हटल्यावर..."

"दाखवा."

एक मिनिट बारा सेकंदांचा व्हिडिओ होता. बहुतेक सगळा अप्पांचा. शेवटी चार सेकंद आरसाही दिसत होता. भिंतीपासून वीतभर, मग चार बोटं, मग दोन. आणि त्यावर अण्णाचा आवाज, हळू, श्वास धरलेला: "बघ आता. बघ आता."

अण्णानं फोन खिशात घातला. "मी अप्पांकडे बघत होतो," तो म्हणाला. "ते पडतील असं वाटत होतं मला."

हे खोटं नव्हतं. मला माहीत आहे, कारण मीही मान वळवून मागे अप्पांकडेच बघत होते. आरसा माझ्या खिडकीबाहेर होता, माझ्यापासून दोन फुटांवर. तो माझ्याही रकान्यात गेला.

"आरसा अप्पांच्या चुकीनं फुटला," मी म्हटलं. "मी नाकारत नाही. ते चुकीच्या बाजूला उभे होते."

"मग परत गेल्यावर सही कर."

मी वही काढून गाडीच्या टपावर ठेवली. "आठ दिवसांत अप्पांच्या चुका नऊ. माझ्या आठ. पोरीच्या सहा. तुझ्या अकरा."

"चेष्टा करतेस?"

"मोजलंय. हवं तर एकेक वाच. पासपोर्ट, चार्जर, फ्लोरेन्सचं चुकीचं वळण, सगळं तारीखवार आहे."

"माझ्या चुका वेगळ्या!"

"कशा वेगळ्या? तुला निवासात कोणी ठेवत नाही, एवढ्याच वेगळ्या."

"तू शब्द दिला होतास."

"दिला होता. मोडते."

अण्णा माझ्याकडे बघत राहिला. लहानपणापासून मी दिलेली वेळ, दिलेली वस्तू, दिलेला शब्द चुकवलेला नाही, आणि हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नाही. "तू? तू शब्द मोडणार?"

"एकाच पारड्यात वजनं टाकायची आणि दुसरं रिकामं ठेवायचं, असला काटा दुकानदारानं दाखवला तर मी त्याचं दुकान बंद करते. तू तसला काटा आणलास आणि मी न तपासता त्यावर शिक्का मारला. ती चूक माझी. माझ्या आठाच्या नऊ कर. पण शिक्का काढून घेते."

"भाषण नको," अण्णा म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. टपरीवाला बघायला लागला. "उद्या ते खरंच हरवले, एखाद्या लॉरीखाली गेले, तेव्हा हे पारडं दाखवशील मला? शिवाजीनगरला मी त्यांना बघितलं तेव्हा तिथेच खाली बसलो होतो. तू नव्हतीस तिथे."

मी वही मिटली. मी एवढंच म्हटलं, "सही करणार नाही."

उरलेले दोन दिवस अण्णा माझ्याशी बोलला नाही. पोरीशी बोलला, अप्पांशी बोलला. रोमला विमानतळावर गाडी परत दिली तेव्हा आरशाचा कागद त्यानंच भरला आणि कारणाच्या ओळीत काय लिहिलं ते मला दाखवलं नाही.

परत आल्यावर तिसऱ्या रविवारी तो आला. फॉर्म घेऊन. मी दार उघडलं तेव्हाच म्हणाले, "नाही म्हणजे नाही." तो म्हणाला, "अगं, आत तर येऊ दे." आत अप्पा शेंगा सोलत बसले होते. आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून दबक्या आवाजात भांडू लागलो. चार-पाच मिनिटांनी अप्पा म्हणाले, "काय आहे त्या कागदात? मला दाखवत का नाही?"

लिहायला लाज वाटते, पण लिहिते. तोपर्यंत तीन महिने त्या कागदावरून आम्ही भांडलो होतो, आणि त्या तीन महिन्यांत आम्हा दोघांपैकी एकानंही तो अप्पांना दाखवला नव्हता. अण्णाच्या अकरा आणि माझ्या नऊ चुकांत ही धरलेली नव्हती. दोघांच्याही रकान्यात सगळ्यात वर यायला हवी होती.

मी फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला. अप्पांनी हात पुसले, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. बोट ठेवून. चार पानं. अकरा मिनिटं लागली. मधे एकदा ते विसरले की काय वाचतोय, आणि पुन्हा पहिल्या पानावर गेले. अण्णा भिंतीला टेकून उभा होता.

वाचून झाल्यावर अप्पांनी विचारलं, "तिथे बस जाते?"

"नाही अप्पा," अण्णा म्हणाला. "त्यांची स्वतःची गाडी असते."

"म्हणजे आपणहून येता येत नाही?"

"नाही."

"मग मी कशाला जाऊ?" अप्पा म्हणाले. रागानं नाही. तिकीट नसलेल्या माणसाला समजावून सांगावं तसं. कागद अण्णाच्या हातात दिला आणि पुन्हा शेंगा ओढल्या.

अण्णानं फॉर्म फाडला नाही. घडी घातली आणि खिशात ठेवला. जाताना मला म्हणाला, "हे टिकणार नाही."

"माहीत आहे."

"मग?"

"टिकेल तेवढे दिवस."

ऑगस्टमध्ये अप्पा पुन्हा हरवले. तीन तास दहा मिनिटं. मी आणि नवरा दोन बाजूंनी निघालो, नवऱ्याला ते मेट्रोच्या जिन्याखाली बसलेले सापडले. गुडघा खरचटला होता. मी लपवलं नाही. मी स्वतः अण्णाला फोन केला आणि किती वेळ, कुठे, काय लागलं ते सगळं सांगितलं.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आता?"

"आता जेवतायत," मी म्हटलं. "भातावर सारू दुसऱ्यांदा मागितलं."

"मी येतो."

"ये. पण कागद घेऊन येऊ नकोस."

तो आला. कागद आणला की नाही ते मी विचारलं नाही. आणला असता तरी उत्तर तेच होतं.